झुडपांवर लक्ष ठेवा

तुमच्या टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डावर तुमची नेमणूक झाली, मनःपूर्वक अभिनंदन. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात हायस्कूलच्या आवारात तुम्ही ज्या शिताफीने गाड्या लावून घेतल्यात, ती मेयरबाईंच्या नजरेत भरली असं ऐकतो. मानधन शून्य. काम एवढंच की महिन्यातून एक-दोन संध्याकाळी म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये स्वतःच्या नावाच्या पाटीमागे बसायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. नेमणुकीनंतर १८ महिन्यांत प्रशिक्षण घेणं न्यू जर्सीच्या कायद्याने सक्तीचं आहे. तिथे कलमं शिकवतील. केव्हा मान डोलवावी, केव्हा पाण्याचा घोट घ्यावा आणि कोणता प्रश्न चुकूनही विचारू नये, हे मात्र आमच्यासारख्या मागच्या बाकावरच्या माणसांनाच सांगावं लागतं.

तुमची पारख व्हायला फार दिवस लागणार नाहीत. हायवेच्या कडेला जी मोकळी जागा आहे तिथे एखादं अवाढव्य होम इम्प्रूव्हमेंट स्टोअर येऊ घातलेलं असतंच. पुण्याहून आलेल्या मामांना हे प्रकरण समजावून सांगायचं तर रविवार पेठेतली अख्खी बोहरी आळी एका छपराखाली कोंबली आहे असं सांगा. फरक इतकाच की ‘साहेब, हा खिळा तुमच्या भिंतीला चालणार नाही’ असं सांगणारा माणूस तेवढा बाहेर राहिला आहे. आकार म्हणाल तर होम डेपोचं सरासरी दुकान आतून सुमारे १ लाख ४ हजार चौरस फूट, शिवाय बाहेर साधारण २४ हजार चौरस फुटांचं गार्डन सेंटर. याच धंद्यातली दुसरी साखळी म्हणजे लोज, तिची दुकानं याहून थोडी मोठीच.

आता तो प्रश्न. ‘पण गावाला हे दुकान हवंय का?’

हा विचारू नका. विचारलात तर बोर्डाचे वकील चष्मा काढून टेबलावर ठेवतील, आणि चष्मा टेबलावर ठेवलेला वकील हे कोणत्याही सभेत चांगलं लक्षण नसतं. ते शांतपणे समजावतील की त्या पट्ट्यात मोठं किरकोळ दुकान ही झोनिंगने, म्हणजे कुठे काय बांधता येईल याच्या नियमांनी, ‘परवानगी असलेली’ गोष्ट आहे. बोर्डापुढे फक्त साइट प्लॅन आहे, म्हणजे त्या जागेवर काय कुठे येणार याचा आराखडा. गावात असलं दुकान आधीच आहे का, त्यामुळे कुणाचा धंदा बसेल का, हे बोर्डाने बघायचंच नसतं. स्पर्धेला आळा घालणं हे झोनिंगचं काम नव्हे. बरं, रस्ते आधीच तुंबलेत म्हणून नाही म्हणावं, तर तेही जमत नाही. १९८४ मध्ये नॉर्थ ब्रन्सविकच्या प्लॅनिंग बोर्डाविरुद्ध डंकिन डोनट्सच्या खटल्यात अपील कोर्टाने सांगून ठेवलंय की झोनमध्ये बसणाऱ्या वापराला बाहेरच्या रस्त्यावरच्या गर्दीचं कारण देऊन नकार देता येत नाही. एका डोनटच्या दुकानाने घालून दिलेल्या या वाटेवरून गेली चाळीस वर्षं सिमेंटच्या गोण्या घेतलेले ट्रक चाललेत.

मग हवंय की नको हे ठरवलं कुणी, असं तुम्ही विचाराल. ठरवलं होतं की. मास्टर प्लॅन आणि झोनिंगचा नकाशा निदान दहा वर्षांतून एकदा तपासून बघावा लागतो. तशा एका सभेत, बहुधा फेब्रुवारीतल्या, बर्फ पडत असताना, त्या पट्ट्यावर ‘हायवे कमर्शियल’ अशी अक्षरं छापली गेली. त्या रात्री श्रोत्यांत एकच गृहस्थ होते. ते प्रत्येक सभेला येतात. घरी हीटिंगचं बिल वाचतं म्हणून येतात असं काहीजण म्हणतात. उरलेलं सगळं गाव आत्ता येणार आहे, वरातीमागून, घोड्यांसकट. आणि त्यांच्या समोर बसायला तुम्हाला नेमलंय.

गाव येतं कसं तेही बघा. अर्जदाराने जागेपासून २०० फुटांच्या आतल्या मालकांना निदान १० दिवस आधी नोटीस द्यायची आणि जाहीर सूचना प्रसिद्ध करायची, एवढंच बंधन आहे. रात्री ट्रकचे दिवे ज्यांच्या बेडरूममध्ये शिरणार, ते बरोबर २५० फुटांवर राहतात. तुमच्याच मंडळातल्या एक काकू तिथल्या. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन येईल.

“अरे, आमच्या मागे ते दुकान येतंय म्हणे, आणि तू तिथे बोर्डावर!”

“काकू, प्रकरण बोर्डापुढे आहे. सुनावणीच्या बाहेर मला त्यावर बोलता येत नाही.”

“म्हणजे? मी काय परकी आहे का? गेल्या दिवाळीला तर...”

“काकू, तुम्ही सभेला या आणि माइकवर बोला.”

“माइकवर कशाला बोलू? तुझा नंबर आहे ना माझ्याकडे.”

यावर कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे आणि काकू पूर्णपणे विरुद्ध. फोन ठेवा. यंदा चकल्या येणार नाहीत हे गृहीत धरा.

सुनावणीच्या रात्री अर्जदाराची माणसं आधी येतात. वकील, सिव्हिल इंजिनीअर, आर्किटेक्ट, ट्रॅफिकचे तज्ज्ञ, प्लॅनर. कंपनी स्वतः कधीच येत नाही. कॉर्पोरेशनला वकिलामार्फतच बोलावं लागतं, त्यामुळे ज्याला दुकान काढायचंय तो नेमका कोण, कसा दिसतो, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळणार नाही. प्रत्येक तज्ज्ञ हात वर करून शपथ घेईल, पदव्या सांगेल आणि राज्यातल्या किती बोर्डांपुढे साक्ष दिली ते सांगेल. अध्यक्ष म्हणतील, मान्य. तुम्हीही मान डोलवा. तुमच्या बाजूला बसलेले टाउनशिपचे इंजिनीअर आणि ट्रॅफिक सल्लागार यांचं बिल अर्जदाराच्या अनामत रकमेतून भागतं हे या क्षणी आठवलं तर पाण्याचा घोट घ्या. कायद्याने तसंच ठरवलंय, आणि पर्याय काय, तर ते बिल गावाने भरायचं. गाव त्याला तयार आहे का, हे बजेटच्या सभेत विचारून पाहा.

मग ईझलवर रंगीत चित्र येतं. एक्झिबिट ए-३. या चित्राकडे मात्र नीट बघा, इतकं सुंदर काही तुम्हाला त्या इमारतीत पुन्हा बघायला मिळणार नाही. आकाश निळं. झाडं वीस वर्षांची वाढलेली, जी प्रत्यक्षात मनगटाएवढ्या खोडाची येणार आहेत. पार्किंगमध्ये सहा-सात गाड्या, सगळ्या स्वच्छ. एक बाई लहान मुलाचा हात धरून फुटपाथवरून चालली आहे. ती नेहमीच असते. तिच्या हातात प्लायवूड नसतं, कमोडचं खोकं नसतं, चुकीच्या मापाचा नळ परत करायला आलेल्या माणसाचा चेहराही नसतो. या दुकानात चालत कोण जातं असा प्रश्न प्रेक्षकांतून येईल. अध्यक्ष सांगतील की प्रश्न विचारायची वेळ वेगळी, मत मांडायची वेळ वेगळी, आणि आत्ता दोन्हींपैकी एकही नाही.

ट्रॅफिकच्या तज्ज्ञांना घाई करू नका. त्यांची साक्ष ही या नाटकातली सगळ्यात कसलेली भूमिका. अशा दुकानाकडे किती गाड्या येतील हे ते गावावरून काढत नाहीत, इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनीअर्सच्या जाडजूड ग्रंथातून काढतात. त्यात होम इम्प्रूव्हमेंट सुपरस्टोअरला स्वतःचा क्रमांक आहे, ८६२. त्यातून ‘पास-बाय’ गाड्या वजा होतात, म्हणजे त्या रस्त्याने तशाही चाललेल्या आणि दुकान दिसलं म्हणून आत वळलेल्या. दरवाजाची चौकट घ्यायची कुणाला अशी वाटेत हुक्की येते, हे विचारू नका. मोजणी कोणत्या महिन्यात केली हेही विचारू नका.

त्यानंतर चौकाला शाळेसारखी श्रेणी मिळते, ए पासून एफ पर्यंत. सिग्नलच्या चौकात एका गाडीला सरासरी ८० सेकंदांहून जास्त थांबावं लागलं की एफ. आता गंमत ऐका. दुकान येण्याआधी तुमच्या चौकातल्या डावीकडे वळणाऱ्या लेनला श्रेणी एफ. दुकान आल्यावर श्रेणी एफ. तज्ज्ञ सहजपणे सांगतील की श्रेणीत काही बदल होत नाही. एफच्या खाली अक्षरच नाही, त्यामुळे होणार तरी कसा? प्रेक्षकांत कुजबुज होईल. कुणी मोठ्याने हसेलही. तुम्ही हसू नका, रेकॉर्डिंग चालू असतं. फार तर सिग्नलची वेळ बदलता येईल का आणि त्या खर्चातला वाटा अर्जदार उचलेल का, एवढं विचारा. एवढं विचारायला कायद्याची हरकत नाही, आणि विचारलंत तर दुसऱ्या दिवशी तुमची तारीफ होते.

पावसाच्या पाण्याचं एक प्रकरण असतं. ते महत्त्वाचं असतं, खरोखर महत्त्वाचं असतं, आणि म्हणूनच रात्री सव्वादहाला येतं. इतकी एकर जमीन डांबराखाली गेली की पाणी काकूंच्या बेसमेंटकडे वळणार. १६० पानांचा अहवाल आहे. तुमच्या इंजिनीअरने तो वाचलाय असं समजून पुढे चला.

पार्किंगची मात्र मजा घ्या. अनेक टाउनशिपच्या नियमांत दर २०० चौरस फुटांना एक गाडी असा हिशोब असतो. म्हणजे या दुकानाला पाचशेच्या वर जागा. एवढं डांबर लागतंच का असं कुणी विचारलं तर अर्जदाराचा इंजिनीअर शपथेवर सांगेल, प्रत्येक जागा लागते. वसंतातल्या शनिवारी तर एकही रिकामी नसते. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

आणि आता तुमचं खरं कार्यक्षेत्र. झुडपं.

दुकान हवं की नको यावर बोर्डाला तोंड उघडता येत नाही, चौकाचा निकाल लागलेला आहे, पाणी वाहून गेलं आहे. पण दुकान आणि घरांच्या मधल्या बांधावर काय लावायचं, यावर बोर्डाची सत्ता अमर्याद आहे. अर्जदार आर्बरव्हायटी सुचवतील. आपल्या मोरपंखीच्या कुळातलं झाड, वर्षभर हिरवं, दाट, स्वस्त. इथे तुम्ही माइक जवळ ओढा आणि विचारा, “हरणांचं काय?”

सभागृहाचा नूर बदलेल. न्यू जर्सीत असा एकही माणूस नाही ज्याला हरणांबद्दल मत नाही. जानेवारीत दुसरं काही हिरवं उरत नाही तेव्हा हरणं आर्बरव्हायटी मान पोचेल तिथपर्यंत साफ करतात. खाली नुसत्या काड्या आणि वर हिरवा शेंडा, म्हणजे झुडपाने वर टोपी घालून खाली धोतर सोडल्यासारखं दिसतं. दुकानाचे दिवे नेमके त्याच उंचीवर असतात. कुणी ‘ग्रीन जायंट’ नावाची जात सुचवेल, ती हरणांना कमी आवडते म्हणून. दुसरा सांगेल की आमच्याकडच्या हरणांना कुणी हे सांगितलेलं नाही. व्हाइट पाइन? खालून विरळ होतो. नॉर्वे स्प्रूस? हरणं नाक मुरडतात. लावताना उंची ६ फूट की ८? एका रांगेत की दोन रांगांत, तिरप्या? मेली तर किती वर्षांपर्यंत बदलून द्यायची? दोन? ठीक, दोन. मग बोर्डावरचे सगळ्यात ज्येष्ठ सभासद, जे तोवर एक शब्दही बोललेले नाहीत, त्यांच्या बागेतल्या हॉस्टा नावाच्या शोभेच्या रोपांची करुण कहाणी सांगतील. या चर्चेला पाऊण तास द्या. एवढी लोकशाही त्या इमारतीत दुसऱ्या कुठल्याही विषयावर चालत नाही.

मग लोकांची पाळी. माणशी तीन मिनिटं. गावातल्या जुन्या हार्डवेअर दुकानाचे मालक उभे राहतील. त्यांच्याकडे वॉशर सुटा मिळतो, एकच, कागदाच्या पुडीत. तुमच्या घराची किल्ली त्यांनीच कापलीय आणि गळका नळ उघडायचा कसा हे काउंटरवर चित्र काढून दाखवलंय. ते सांगतील की हे दुकान आलं की आपण दोन वर्षं टिकणार नाही. वकील सौम्यपणे सांगतील की हा मुद्दा नोंदला आहे, पण बोर्डाच्या कक्षेत येत नाही. ते खाली बसतील. तुम्हाला काही म्हणावंसं वाटेल. वाटू द्या.

नंतर कुणीतरी माइकवर येऊन ‘ते लोक’ असं म्हणेल. म्हणजे सकाळी सहापासून पार्किंगच्या कडेला कामाच्या आशेने उभे राहणारे मजूर. ठाण्या-मुंबईला वाढलेल्या माणसाला नाका कामगार नवे नाहीत. इथे नाका नाही, म्हणून दुकानाचं प्रवेशद्वार. लॉस एंजेलिस शहराने २००८ मध्ये नियम केला की असं १ लाख चौरस फुटांपेक्षा मोठं दुकान काढायचं तर त्या मजुरांचा विचार करावा लागेल, सावली, पिण्याचं पाणी, संडास वगैरे. तुमच्या बोर्डावर हा विषय निघाला तर प्रवेशद्वारापाशी ‘उभे राहू नये’ अशी पाटी लावायची अट निघेल. पाटीच्या अक्षरांचा रंग हिरवा असावा की काळा, यावर तुम्ही मत देऊ शकता.

मेयरबाई स्वतः बोर्डावर असतात, कायद्यानेच. त्यांचा मुद्दा एका शब्दात असतो, रेटेबल. म्हणजे ज्यावर गावाला मालमत्ता कर लावता येतो अशी घसघशीत मिळकत. कॅलिफोर्नियात विक्रीकरातला एक टक्का दुकान असलेल्या गावाला मिळतो, तिथली गावं अशा दुकानांसाठी एकमेकांच्या उरावर बसतात. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के विक्रीकर सगळा राज्याच्या राजधानीला, ट्रेंटनला जातो. गावाला उरतो फक्त इमारतीवरचा कर, आणि पार्किंगमधली गर्दी. तेव्हा इमारत महाग ठरली पाहिजे. इथे मिशिगनची गोष्ट काढू नका. तिथे लोजने मार्क्वेट टाउनशिपशी भांडण काढलं की आमचं चालू दुकान हे रिकाम्या पडलेल्या दुकानाइतक्याच किमतीचं धरा, आणि २०१४ मध्ये तिथल्या अपील कोर्टात ते जिंकले. रिकामी दुकानं स्वस्त का जातात? कारण विकताना मूळ कंपनी खरेदीखतातच अट घालते की इथे स्पर्धकाने दुकान काढायचं नाही. म्हणजे स्वतःच झाकण लावायचं आणि डबा उघडत नाही म्हणून किंमत कमी करून मागायची. एस्कानाबा गावाने मेनार्ड्स या तशाच साखळीविरुद्ध हाच मुद्दा लावून धरला तेव्हा २०१६ मध्ये त्याच कोर्टाने प्रकरण फेरतपासणीला परत पाठवलं. तुमच्या बोर्डापुढे यातलं काहीच नाही. मिळकतीची किंमत ठरवणं असेसरचं काम, आणि १ एप्रिलपर्यंत अपील दाखल करणं कंपनीच्या वकिलांचं.

दुकान रिकामं पडलं तर, असंही कुणी कुरकुरेल. न्यू जर्सीतल्या जुन्या माणसांना चॅनेल आणि रिकल आठवतात, याच धंद्यातल्या इथल्याच दोन साखळ्या. १९९४ मध्ये एकत्र आल्या आणि दशक संपायच्या आत एकत्रच गेल्या. लोजने २०११ मध्ये एका झटक्यात २० दुकानं बंद केली. पण निराश होऊ नका. रिकाम्या खोक्यात दर सप्टेंबरला हॅलोविनच्या भुतांचं दुकान निघतंच.

विरोध करणाऱ्यांपैकी कुणी तुम्हाला जिन्यात गाठून सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण देईल. बेशोअर बुलेव्हार्डवरच्या जुन्या गुडमन लंबरच्या जागेवर होम डेपो येऊ नये म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडले, शहराच्या परवानगीनंतरही काम अडलं आणि २००८ मध्ये कंपनीने नाद सोडला. गोष्ट इथेच थांबवायची. पुढे २०१० मध्ये त्याच जागेवर लोज उघडलं हे त्यांना सांगून कशाला दुखवायचं.

मतदानाला फार वेळ लागत नाही. एखाद्या रात्री गैरहजर राहिलात तर त्या रात्रीचं रेकॉर्डिंग ऐकून तसं लिहून द्यावं लागतं, मगच मत. ऐका. झुडपांचा भाग पुन्हा ऐकताना अजून चांगला वाटतो. मोठ्या जागेच्या अर्जावर ९५ दिवसांत निर्णय झाला नाही आणि अर्जदाराने मुदत वाढवून दिली नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं, त्यामुळे वेळकाढूपणा हा मार्गही खुला नाही. तुमचं नाव पुकारलं की आधी दीड मिनिटाचं भाषण करा: गावाचं रूप, पुढच्या पिढ्या, मी स्वतः या रस्त्याने रोज जातो. आवाज थोडा जड असू द्या. मग ‘येस’ म्हणा. खाली अटींची यादी येईल: रात्री दहा ते सकाळी सहा ट्रक नाहीत, दिव्यांना झाकणं, दोन रांगा नॉर्वे स्प्रूस, ८ फूट. ही यादी काकूंना पाठवा. निर्णय प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत त्यांना कोर्टात जाता येतं. हेही त्यांना कळवा, मात्र पत्राने. फोन त्या उचलणार नाहीत.

दुकान उघडल्यावर पहिल्या वसंतात तुमच्यापुढे एक छोटा अर्ज येईल. सुधारित साइट प्लॅन, सत्तर जागांपुरता. पार्किंगच्या त्या भागात मार्चपासून पालापाचोळ्याच्या खताच्या गोण्या, बागेच्या तयार शेड आणि गवत कापायच्या बसायच्या गाड्या मांडल्या आहेत. मांडून झाल्या आहेत, आता परवानगी हवी आहे. कारण एवढ्या पार्किंगची या दुकानाला गरजच पडत नाही, असं अर्जदाराचा इंजिनीअर सांगेल. तोच. अध्यक्षांना म्हणावं, यांना पुन्हा शपथ द्या.